उलटा बसवलेला कटर

फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम सुरू असेल तर हे दृश्य हमखास दिसतं. प्लायवूडचा एक जाड तुकडा, त्याला मधोमध पाडलेली चीर आणि चिरेतून वर आलेलं चार इंची दातेरी पातं. खाली वाकून पाहिलं तर मार्बल कटर उलटा करून स्क्रूने आवळलेला. बटण दाबून लॉक केलेलं. वायरीला प्लग नाही. सोललेली दोन टोकं सॉकेटच्या भोकांत खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या.

आमच्या स्वयंपाकघराचं काम चालू होतं तेव्हा पंधरा दिवस मी हा कटर रोज पाहत होतो. मिस्त्रींचा हात इतका सफाईदार की बघत राहावं. डाव्या हाताची तर्जनी मात्र पहिल्या पेराशीच संपलेली. विचारलं तेव्हा "जुनी गोष्ट आहे, साहेब" एवढंच म्हणाले आणि पुढची पट्टी कापायला घेतली.

विळी तर घरोघरी असते, आणि तिला धारही कमी नसते. तरीही विळीवर बोट कापतं, तुटत नाही. कारण विळीचं पातं जागेवर असतं, हलतो तो आपला हात. पातं लागल्याचं मेंदूला कळून हात मागे यायला साधारण 0.2 सेकंद लागतो आणि विळीपुढे तेवढा वेळ पुरतो. मार्बल कटर मिनिटाला 12,000 ते 13,000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला किमान 200. पात्याला 30 दाते असतील तर त्या 0.2 सेकंदात 1,200 दाते एकाच जागेवरून जातात. 110 मिलिमीटर व्यासाच्या पात्याची कड ताशी जवळपास 250 किलोमीटर वेगाने धावत असते. "मी लक्ष ठेवून काम करतो" हे खरंच असतं. पण लागल्यानंतर हात मागे घेण्याइतका वेळ या यंत्रापुढे कुणालाच मिळत नाही. म्हणून हात मुळातच पात्याच्या वाटेत येऊ नये, अशीच सोय करावी लागते.

हा कटर बनला आहे तो दगडासाठी. त्याच्या मूळ पात्याच्या कडेवर हिऱ्याचे बारीक कण असतात, ते दगड घासत जातात. लाकडाच्या पात्याला दाते असतात, आणि दाता घासत नाही, चावतो. प्रत्येक दाता लाकडाचा तुकडा ओढून काढतो. लाकूड घट्ट धरलेलं नसेल तर तो अख्खी फळीच ओढायला बघतो.

फळी कशी उडते हे कळायला पात्याची दिशा नीट पाहायला हवी. टेबलावरच्या करवतीत, म्हणजे टेबल सॉमध्ये, पात्याचा माथा आपल्याकडे फिरतो. आपल्या बाजूचे दाते खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. हे आपल्या फायद्याचं असतं. पलीकडच्या बाजूचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. कापून पुढे गेलेलं लाकूड त्या मागच्या दात्यांना टेकलं की ते उचललं जातं, पात्याच्या माथ्यावर चढतं आणि कापणाऱ्याच्या पोटाच्या दिशेने सुटतं. दहा इंची टेबल सॉ मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल तर दात्यांचा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर होतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडूसुद्धा याहून सावकाश येतो. फळीला त्यातला काही भागच वेग मिळाला तरी बरगडी मोडायला तो पुरेसा आहे. त्याहून वाईट म्हणजे फळी उडते तेव्हा तिच्यावर टेकलेला हात आधाराविना पुढे जातो, थेट पात्यावर. बोटं अनेकदा अशी जातात.

लाकूड मागच्या दात्यांना का टेकतं? कारण ते वाटतं तितकं निर्जीव नसतं. झाड वाढताना आणि नंतर ओंडका वाळताना त्याच्या आत ताण साठून राहतो. उभं चिरलं की तो ताण सुटतो आणि कधीकधी चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे मिटत येतात. ओल्या लाकडात हे जास्त होतं, प्लायवूडमध्ये कमी. म्हणूनच चांगल्या टेबल सॉला पात्याच्या लगेच मागे एक उभी पोलादी पट्टी असते. तिला रायविंग नाइफ म्हणतात. तिचं काम एकच, चीर मिटू न देणं. उलट्या बसवलेल्या कटरला ही पट्टी नसते, वरचं झाकण काढून टाकलेलं असतं आणि बंद करायचं बटण टेबलाखाली असतं.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगत बसलो नाही. लाकूड त्यांना माझ्याहून जास्त कळतं. पण लाकूड ढकलायला एक पट्टी करून दिली. हातभर लांब, टोकाला खाच पाडलेली. अरुंद तुकडा कापताना शेवटचा वीतभर भाग बोटांनी न ढकलता या पट्टीने ढकलायचा. चार दिवसांनी बघितलं तर तिच्या टोकाला दात्यांच्या दोन खोल चावण्या होत्या. मिस्त्रींनी तीच पट्टी कामाला ठेवली होती.

कापताना पात्याच्या सरळ रेषेत न उभं राहता थोडं बाजूला उभं राहावं. आणि हातमोजे? इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. फिरत्या पात्यापाशी किंवा ड्रिलपाशी मोजे घालू नयेत. उघड्या बोटाला पातं निसटतं लागलं तर निदान निसटण्याची शक्यता असते. मोज्याचा धागा दात्यात अडकला की तो अख्खा हात आत ओढतो. लोंबती बाही, ओढणी, हातातला गंडा, अंगठी यांचंही तसंच. चष्मा मात्र हवाच.

हातात धरायच्या कटरचं गणित थोडं वेगळं असतं. दोन स्टुलांवर फळी आडवी ठेवून मधोमध कापायला घेतली की चीर खोल जाताना फळी मध्ये वाकते, चिरेचा वरचा भाग मिटतो आणि पातं आवळलं जातं. मग यंत्रच उसळून आपल्या अंगावर येतं. म्हणून आधार दोन्ही टोकांना न देता, कापायच्या रेषेच्या एकाच बाजूला द्यावा आणि कापलेला तुकडा मोकळा खाली पडू द्यावा.

ग्राइंडरवर एक भयंकर प्रकार चालतो: गार्ड काढून चार इंची यंत्राला सात इंची डिस्क लावणं. या डिस्कवर 80 मीटर प्रतिसेकंद ही मर्यादा छापलेली असते. लहान ग्राइंडरच्या मिनिटाला 11,000 फेऱ्यांवर 180 मिलिमीटरच्या म्हणजे सात इंची डिस्कची कड 104 मीटर प्रतिसेकंदापर्यंत जाते. डिस्कला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याची तारीखही असते. डिस्क बांधणारं रेझिन कालांतराने कमकुवत होतं, म्हणून ती छापतात.

अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन दरवर्षी सुमारे 30,000 लोक इस्पितळात जातात. तिथल्या स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्रज्ञाला 1999 मध्ये एक कल्पना सुचली. तो हौशी सुतारही होता. पात्यात सूक्ष्म विद्युतसंकेत सोडायचा. माणसाचं शरीर विद्युतभार सामावून घेतं, त्यामुळे कातडी लागताच तो संकेत क्षीण होतो. त्याक्षणी स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पातं 5 मिलिसेकंदांत थांबतं. तेवढ्या वेळात एक तृतीयांश फेरासुद्धा होत नाही. चाचण्या सॉसेजवर झाल्या, शेवटी त्याने स्वतःचं बोटही लावून पाहिलं. पातं आणि ठोकळा दोन्ही बदलावे लागतात, पण बोटावर ओरखड्यापलीकडे फारसं काही होत नाही. आपल्याकडच्या साध्या मिस्त्रीला हे यंत्र अजून परवडणारं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विजेचं मात्र आजच करता येतं. काड्या ठोकलेल्या वायरी काढून प्लग लावा. घरातला 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे साधारण पाचशेपट कमी प्रवाह बाहेर गळला तरी वीज तोडणारा स्विच. पाणी घालत फरशी कापताना तो नसेल तर काम थांबवा. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपटून ठेवायचा.

आणि एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून मरतात. पाण्यातही बुडवू नका. बोट जोडणारे शल्यविशारद असलेल्या इस्पितळाला निघतानाच फोन करा. जखमीला चहा-पाणी काही देऊ नका. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं.