ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा दोष डिस्कचाच असतो असं नाही

ताशी ९० किलोमीटरच्या वेगात हलका ब्रेक लावावा आणि स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे थरथरायला लागावं. वेग ६०च्या आसपास उतरला की थरथर आपोआप थांबते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ‘फाइव्ह सिरीज’मध्ये, त्यातही १९९५ ते २००३ या काळात बनलेल्या ई३९ सेडानमध्ये, ही तक्रार अगदी ठरलेली आहे. तिच्यावरचा चुकीचा उपायही ठरलेला आहे: पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क बदलायच्या. काही दिवस गाडी गुळगुळीत चालते, मग थरथर परत येते. मूळ दुखणं डिस्कमध्ये नसून मुठीएवढ्या एका रबरी बुशमध्ये (दोन भागांच्या जोडावरच्या रबरी गादीत) असतं, आणि नव्या डिस्कने ते फक्त झाकलं जातं.

साध्या गाडीत पुढच्या चाकाला खालून लोअर आर्म नावाचा एकच दांडा धरून ठेवतो. त्याला बाहेरच्या टोकाला एक बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) आणि आतल्या बाजूला दोन बुश असतात. बीएमडब्ल्यूने १९७७च्या ‘सेव्हन सिरीज’मध्ये या एका आर्मचे दोन केले, आणि ई३९मध्ये तीच रचना आहे. एक आर्म जवळजवळ आडवा, चाकापासून सरळ गाडीच्या मध्याकडे जाणारा. दुसरा तिरका, ज्याला थ्रस्ट आर्म म्हणतात. दोघांना स्वतंत्र बॉल जॉइंट. हे दोन आर्म मनातल्या मनात रेषा ओढून बाहेरच्या दिशेने वाढवले तर त्या रेषा चाकाच्या जवळ एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूपाशी लोखंडाचा कपटाही नसतो, पण स्टिअरिंग वळवताना चाकाचं खालचं टोक त्याच्याभोवतीच फिरतं. त्यामुळे बॉल जॉइंट चाकात खोलवर घुसवावा लागत नाही, मोठ्या ब्रेकला जागा मिळते आणि स्टिअरिंगला हवा तो नेमकेपणा येतो. रचना देखणी आहे. पण जॉइंट दुप्पट म्हटल्यावर झिजणाऱ्या जागाही दुप्पट.

आडवा आर्म चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही. ब्रेक लावल्यावर चाक मागे ढकललं जातं, तो भार मुख्यतः तिरक्या थ्रस्ट आर्मवर आणि त्याच्या आतल्या टोकाच्या बुशवर येतो. या बुशकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. रस्त्याचा सांधा किंवा खड्ड्याची कड लागली तर चाकाला किंचित मागे सरकू द्यायचं, म्हणजे धक्का आत पोचत नाही. त्यासाठी बुश मऊ हवा. पण नुसतं मऊ रबर स्प्रिंगसारखं वागतं: दाबलं की उसळी मारतं, परत दाबलं जातं, परत उसळतं. ही ये-जा थांबवणारं कुणीतरी लागतं.

म्हणून हा बुश आतून पोकळ असतो. त्यात दोन कप्पे, कप्प्यांत ग्लायकॉलसारखा द्रव आणि दोघांना जोडणारी एक अरुंद वाट. चाक मागे सरकलं की एक कप्पा दाबला जातो आणि द्रव त्या वाटेने दुसऱ्या कप्प्यात जातो. पिचकारीचा दट्ट्या सावकाश दाबला तर पाणी सहज बाहेर येतं, झटक्यात दाबला तर हाताला विरोध जाणवतो; इथेही तेच होतं. वाटेची लांबी आणि रुंदी अशी निवडलेली असते की चाकाच्या नैसर्गिक कंपनाच्या पट्ट्यातच हा विरोध सर्वाधिक असावा. कंपनाची ऊर्जा द्रवाच्या घर्षणात उष्णता होऊन विरते. रबराला चीर पडून द्रव गळून गेला, की उरतं ते पोकळ, लिबलिबीत रबर. धक्का गिळण्यापुरतं ते बरं असतं, पण कंपन थांबवण्याची ताकद त्यात राहत नाही.

आता ९०चा आकडा कुठून येतो ते पाहू. या गाडीचा २२५/५५ आर१६ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.०५ मीटर जातो. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला १२ फेरे. चाक, हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग), ब्रेक हे सगळं मिळून बुशच्या रबरावर पुढे-मागे डोलण्याची नैसर्गिक वारंवारताही साधारण याच घरात असते. झोक्याला त्याच्या लयीत हलकासा हात लावला तरी तो चढत जातो, तसं इथे होतं. आणि हात लावणारं कारण फार मोठं असावं लागत नाही. रिमच्या कडेला, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर, २० ग्रॅमचा असमतोल असेल तर या वेगाला तो सुमारे २४ न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ अडीच किलो वजनाइतका हिसका सेकंदाला १२ वेळा देतो. डिस्कच्या जाडीत ०.०२ मिमीचा फरक असला तरी ब्रेकची पकड प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होते. (‘डिस्क वाकली’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा ती वाकलेली नसते, पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो.) चांगला बुश हा फरक विरवून टाकतो, गळका बुश तोच फरक वाढवून टाय रॉडमार्फत (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यामार्फत) हातात आणून देतो. नवी डिस्क घातली की चिथावणी काही काळ कमी होते, एवढंच.

बुश तपासायला फार काही लागत नाही. गाडी उचलून थ्रस्ट आर्मच्या आतल्या टोकाशी टॉर्च मारायचा. बुशखाली काळपट ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर निदान झालं. ओघळ जुना होऊन वाळलेला असू शकतो, म्हणून पहार लावून आर्म हलवून पाहावा. रबराच्या चिरा उघडतात. मग चाक घड्याळातल्या ९ आणि ३ या जागी धरून हलवायचं. तिथे प्ले (सैलपणा) असेल तर बहुधा टाय रॉड एंड किंवा आतला जॉइंट गेलेला. १२ आणि ६ ला धरून हलत असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. गाडी चाकांवर उभी असताना इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची. ब्रेक न लावताही एका ठरावीक वेगाला थरथर असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघावं. सगळ्याच वेगांत, ब्रेक पेडलमध्येसुद्धा धडधड जाणवत असेल तर मात्र खरोखरच डिस्क पाहावी.

सुटे भाग मागवताना पहिला प्रश्न: गाडी सहा सिलिंडरची की आठ? ५२३, ५२८, ५३० या सहा सिलिंडरच्या मॉडेलांचं स्टिअरिंग रॅक-पिनियनचं आहे. ५४० मध्ये मोठ्या व्ही-८ इंजिनामुळे जागा उरली नाही, म्हणून तिला स्टिअरिंग बॉक्स दिला. दोघींचे आर्म एकमेकींना चालत नाहीत. सहा सिलिंडरच्या गाडीत आर्म ॲल्युमिनियमचे आहेत आणि बॉल जॉइंट त्यांच्यातच बसवलेला येतो, त्यामुळे जॉइंट गेला की आर्मच बदलायचा. थ्रस्ट आर्मचा फक्त बुश बदलता येतो, पण त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि बुशवरचा बाण आर्मवरच्या खुणेशी तंतोतंत जुळवावा लागतो. बुश सगळीकडून सारखा नसतो; आतले कप्पे ठरावीक दिशेलाच हवेत. बुश फिरलेला बसला तर नवा असूनही काम करत नाही. बॉल जॉइंट लाखभर किलोमीटर जुने असतील तर प्रेसचा खटाटोप न करता बुशसह अख्खा आर्म घेणं शहाणपणाचं.

वीस-बावीस वर्षांच्या गाडीत पुढचं सगळं एकदम करावं. दोन थ्रस्ट आर्म, दोन आडवे आर्म, आतल्या जॉइंटसह दोन टाय रॉड, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन लिंक आणि दोन बुश, इतकं तरी घ्यावंच. नट सेल्फ-लॉकिंग असतात. ते एकदाच वापरायचे. लेमफर्डर ही मूळ पुरवठादार कंपनी, तिचे भाग मिळाले तर उत्तम. रबरावर किंवा खोक्यावर उत्पादनाची तारीख जरूर पाहावी, कारण रबर गोदामातही म्हातारं होतं: हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, चिरा पाडतात. पॉलियुरेथेनचे बुश ‘आयुष्यभर टिकतात’ म्हणून विकले जातात. शर्यतीच्या गाडीला ते ठीक आहेत. या गाडीत ते घालणं मला पटत नाही, कारण द्रवाने होणारं शमन ते देऊ शकत नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आसनापर्यंत पोचवतात.

कामाच्या आदल्या दिवशी सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर उभी करायची, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. चाक काढण्याआधी, गाडी जमिनीवर असतानाच, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या (हब धरून ठेवणाऱ्या भागाच्या) तशाच निमुळत्या भोकात आवळून बसतो. तो पुलरने सोडवावा. पोलादी नकलवर हातोडा चालायचा. ॲल्युमिनियमवर तो मारला तर भोकाचा आकारच बिघडतो. नट सोडवताना दांडाच फिरायला लागला, तर खालून जॅकने आर्म वर दाबून धरावा, दांडा भोकात परत आवळतो. नवा बसवताना दांडा आणि भोक पुसून कोरडं करायचं. तिथे ग्रीस लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती पकड कोरड्या घर्षणाचीच आहे. ग्रीस लावलं तर नट आवळताना दांडा जास्त खोल ओढला जातो. झेनॉन दिव्यांच्या गाडीत दिव्यांची उंची राखणाऱ्या सेन्सरची बारीक दांडी आर्मला जोडलेली असते, ती आधी सोडवावी. टाय रॉड एंड काढताना तो किती आटे फिरून बाहेर आला ते मोजून ठेवलं, तर नवा तितकाच बसवून गाडी अलाइनमेंटपर्यंत (चाकांचे कोन जुळवून घेईपर्यंत) सरळ नेता येते.

यानंतरची चूक सर्वांत महाग पडते, आणि ती चांगल्या गॅरेजमध्येही होते. बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने चेसिसच्या बाजूला घट्ट धरलेली असते, बाहेरची आर्ममध्ये, आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी स्टँडवर असताना चाक लटकलेलं असतं. ३५ सेंटिमीटरचा आर्म त्याच्या नेहमीच्या जागेपासून ९ सेंटिमीटर खाली असला तर कोन सुमारे १५ अंशांचा होतो. त्या अवस्थेत बोल्ट पक्का आवळला की रबराच्या लेखी तीच विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली उतरवली की ते कायमचं १५ अंश पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक स्पीडब्रेकर त्यावर आणखी पीळ घालतो. असा बुश बघता बघता फाटतो, आणि मग दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो.

म्हणून आतले बोल्ट आधी फक्त हाताने टेकवायचे. मग हबखाली जॅक लावून चाक इतकं वर घ्यायचं की सुरुवातीला लिहून ठेवलेलं अंतर जुळेल, आणि मगच टॉर्क पाना लावायचा; सहा सिलिंडरच्या गाडीत आतल्या बोल्टना ११० न्यूटन-मीटर. कंपनीची पद्धत याहून काटेकोर आहे: टाकी भरलेली, पुढच्या दोन्ही सीटवर आणि मागच्या सीटच्या मध्यावर प्रत्येकी ६८ किलो आणि डिकीत थोडं वजन. अलाइनमेंटही याच वजनावर करायची असते. गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर काम होत असेल तर ते सहज जमतं.

शॉकअप बदलायचे असतील तर स्प्रिंग दाबणारं साधन चांगलंच हवं. धरा, स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन आहे आणि ती १२ सेंटिमीटर दाबली, तर तिच्यात १८० जूल ऊर्जा साठते. १८ किलोचं वजन एक मीटरवरून पडावं इतकी. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमध्ये १९९५ पासून जुळणी झालेली मर्सिडीज डब्ल्यू१२४ आजही महाराष्ट्रात रस्त्यावर दिसते. तिच्यावर काम करणाऱ्यांनी तर याची विशेष काळजी घ्यावी, कारण तिची स्प्रिंग शॉकअपवर नसून थेट लोअर आर्मवर बसते. ई३९चा आर्म नुसता बोल्ट काढून सुटतो. डब्ल्यू१२४मध्ये स्प्रिंग आधी न दाबता आर्म सोडवला, तर तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी चाकं. ई३९च्या हबचा मधला उंचवटा ७४.१ मिमीचा आहे. त्या काळच्या इतर बहुतेक बीएमडब्ल्यूंचा ७२.६. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं भोक ७४.१ मिमीहून मोठं असेल तर मध्ये नेमक्या मापाची रिंग लागते. नाहीतर चाक फक्त बोल्टांवर टेकतं, केसभर मध्यातून सरकतं, आणि नव्या आर्मनंतरही थरथर उरते. हबवरचा गंज घासून काढावा, बोल्ट चांदणीच्या क्रमाने १२० न्यूटन-मीटरला आवळावेत. अलाइनमेंटमध्ये पुढे फक्त टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) मापाबाहेर असेल तर आणखी एखादा भाग वाकलेला आहे असं समजून शोध घ्यावा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी ९५पर्यंत न्यायची आणि पेडलवर हलका पाय ठेवून ६०पर्यंत आणायची. शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट आणि बॉल जॉइंटचे नट पुन्हा एकदा तपासून घ्यायचे.