बारा संघांचा खेळाडू: माइक सिलिंजरच्या फिरतीमागचा इतिहास

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम माइक सिलिंजरच्या नावावर आहे: 12 संघ. कॅनडातल्या रेजायना शहराचा हा सेंटर (आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा) 1990 ते 2009 या काळात 1,049 सामने खेळला, 240 गोल केले. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप मात्र त्याच्या हाती कधी लागला नाही. कुठेच टिकला नाही बिचारा, असं म्हणून मोकळं होता येतं. पण नकोशा खेळाडूला बारा संघ घेत नाहीत. एखाददुसरा घेऊन पाहतो, मग तो घरी बसतो.

असं फिरणं पूर्वी शक्यच नव्हतं. 1942 ते 1967 या पंचवीस वर्षांत लीगमध्ये संघच सहा होते. करारात एक कलम असायचं, त्यामुळे मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राही. वर जागा नाही मिळाली, तर दुय्यम लीगमध्ये वर्षं काढायची. बदली व्हायची तीही मालकाच्या मर्जीने, प्रसंगी शिक्षा म्हणून. खेळाडूंची संघटना बांधायला निघालेल्या टेड लिंडसेला डेट्रॉइटने 1957 साली शिकागोला धाडलं, ते याच प्रकारातलं. 1967 मध्ये सहाचे बारा संघ झाले. 1972 मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि खेळाडूंना दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

सिलिंजरला 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, याच डेट्रॉइटने अकराव्या क्रमांकावर घेतलं. तो आला तेव्हा लीगमध्ये 21 संघ होते; 2000 पर्यंत 30 झाले. त्याच्या बारा संघांपैकी ऑटवा, टॅम्पा बे, अ‍ॅनाहाइम, फ्लोरिडा, नॅशव्हिल आणि कोलंबस हे सहा 1992 किंवा त्यानंतर जन्मलेले. नव्या संघाकडे मैदान असतं, प्रेक्षक असतात. मुरलेले खेळाडू नसतात.

त्यातून सिलिंजरचं कामच कुठल्याही संघाला लागणारं. फेसऑफला दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात, पंच मधोमध पक (आइस हॉकीची चपटी रबरी चकती) टाकतो आणि स्टिकच्या एका झटक्यात तो कोणाचा हे ठरतं. सिलिंजर यात वाकबगार होता. शिवाय आपला एक गडी शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना चार जणांनिशी किल्ला लढवायचा, तेव्हाही तो हवा असे. पोस्टरवर झळकणारं हे काम नव्हे, पण मार्चमध्ये अदलाबदलीची मुदत संपत आली की प्रशिक्षकांना अशीच माणसं आठवतात.

आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. एनएचएलमध्ये करारात तशी अट घालून घेतलेली नसेल, तर त्याला विचारतही नाहीत. 22 जुलै 2003 रोजी कोलंबसने सिलिंजरला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी पुढे फिनिक्सला. म्हणजे डॅलसचाही तो झाला, पण काही तासांपुरता. विक्रमाच्या बारात डॅलस धरलेलं नाही. घरात त्या वेळी दोन महिन्यांचं मूल होतं. अशा बदल्यांत बिऱ्हाड कोण हलवतं, हे आकडेवारीत कुठेच येत नाही.

2004-05 चा अख्खा हंगाम मालकांच्या टाळेबंदीत गेला आणि परतताना लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर 3.9 कोटी डॉलरची कमाल मर्यादा आणली. माफक पैशात भरपूर काम करणाऱ्याचा भाव वधारणारच होता. पुढच्याच, 2005-06 च्या हंगामात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सिलिंजरने सेंट लुइस आणि नॅशव्हिल मिळून 32 गोल ठोकले. कारकिर्दीतला हा त्याचा सर्वोत्तम आकडा, आणि तोही हंगामाच्या मध्यात बदली झालेली असताना! 2006 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. हा बारावा संघ. पुढे कंबरेच्या सांध्याने दगा दिला आणि 2009 मध्ये तो निवृत्त झाला.

डॅलस-फिनिक्सच्या वेळी दोन महिन्यांचा असलेला कोल हा त्याचा मुलगा कोलंबसमध्येच जन्मला होता. 2021 च्या ड्राफ्टमध्ये त्याला बाराव्या क्रमांकावर निवडलं, तेही कोलंबसनेच.