पाच शतांश मिलिमीटरवर ओढला जाणारा ट्रेलर

अमेरिकेत घरच्या एसयूव्हीला ट्रेलर हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा सांधा, बसवणं हे सुटीच्या दिवशी दारातच उरकायचं काम समजलं जातं. तिकडची मराठी कुटुंबंही सायकलींचा रॅक किंवा छोटा ट्रेलर लावायला हिच घेतात. मागच्या बंपरखाली आडवा पोलादी नळा आणि मधोमध चौकोनी तोंड, एवढाच त्याचा आकार. बऱ्याच गाड्यांच्या सांगाड्याला त्यासाठीची भोकं कारखान्यातूनच पाडलेली असतात. चार-सहा बोल्ट आवळले की काम झालं, असं वाटतं. खरं विज्ञान त्या आवळण्यातच आहे.

जाड बोल्ट भोकात खुंटीसारखा अडकून ट्रेलर ओढतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नीट बसवलेल्या हिचमध्ये ओढ पेलतं ते घर्षण. नट आवळताना बोल्ट ताणला जातो. आखडू पाहणारा हा बोल्ट हिचची पट्टी आणि गाडीचा सांगाडा एकमेकांवर दाबून धरतो. 12 मिलिमीटरच्या बोल्टला 100 न्यूटन-मीटर पीळ दिला, तर हा दाब सुमारे 4 टनांइतका होतो. अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर साधारण 20 किलोचा जोर लावला, की एवढा पीळ बसतो. तोही बहुतेक वाया जातो. जवळपास 90 टक्के पीळ नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. म्हणून सूचनापत्रात कोरडे आटे गृहीत धरले असतील आणि आपण तेल लावलं, तर त्याच पिळात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, प्रसंगी तुटतोही.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या ताणाचं माप. पट्ट्यांची एकत्र जाडी 2 सेंटिमीटर धरली, तर 4 टनांच्या दाबाला बोल्ट लांबतो फक्त 0.05 मिलिमीटरच्या आसपास. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून दिलेला मेणचट थर याहून जाड असतो! तो तसाच ठेवून हिच आवळला, तर काही दिवसांत तो दबून बाहेर सरकतो आणि बोल्टचा ताण गळून जातो. मग पट्ट्या सरकू लागतात, प्रत्येक धक्का बोल्टच्या अंगावर येतो आणि धातू थकत जातो. तेव्हा टेकणारी जागा आधी खरवडून स्वच्छ करावी, किती पीळ बसला ते दाखवणारा पाना (टॉर्क रेंच) वापरावा आणि पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. अंदाजाने ‘घट्ट झालं’ म्हणणं इथे चालत नाही. आणि गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवेतच.

आता भाराकडे वळू. हिचचा गोळा, म्हणजे ज्यावर ट्रेलर अडकवतात तो, मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तरफेचा नियम लागू होतो. समजा, गोळ्यावर 150 किलो भार आहे, गोळा मागच्या आसापासून 1.1 मीटर मागे आहे आणि दोन आसांमधलं अंतर 2.7 मीटर आहे. मागच्या चाकांवर तेव्हा 150 नव्हे, सुमारे 211 किलो जादा भार पडतो, आणि पुढची चाकं 61 किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्याच चाकांवर चालतं, त्यामुळे वळणावरची पकड कमी होते. हेडलाइटही वर बघू लागतात.

मग गोळ्यावर भारच नको, असं म्हणावं, तर तेही घातक. अमेरिकी पद्धतीत ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भाग गोळ्यावर ठेवतात. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं, तर एका ठरावीक वेगानंतर वाऱ्याच्या छोट्या झोताने सुरू झालेलं डोलणं विरत नाही, प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जातं आणि ट्रेलर गाडीलाच फिरवतो.

हिचवर कोरलेला वजनमर्यादेचा आकडा मात्र गाडीची ताकद सांगत नाही. पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीची अमेरिकेतली ओढण्याची मर्यादा 1,500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलो. 2023 च्या पेट्रोल टोयोटा हायलँडरची 5,000 पौंड. सीआर-व्हीला कितीही दणकट हिच लावला, तरी तिचे ब्रेक, गिअरबॉक्स आणि सांगाडा तेच राहतात. हिच, गोळा, ट्रेलर आणि गाडी यांतला सगळ्यात लहान आकडा हीच मर्यादा.

ट्रेलर डोलायला लागलाच, तर जोरात ब्रेक मारू नये, वेग वाढवून त्याला सरळ करायलाही जाऊ नये. स्टिअरिंग स्थिर धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील, तर तेवढेच हाताने हळूहळू लावावेत. डोलणं थांबलं की गाडी बाजूला घेऊन सामान पुढे सरकवावं.