ऑफ-कॅमेरा फ्लॅश : बाह्यस्थळी छायाचित्रणासाठी साधनांची निवड

ऑफ-कॅमेरा फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर न बसवता त्यापासून अलग ठेवलेला, स्टँडवर चढवलेला किंवा मदतनिसाने हातात धरलेला आणि तारेने वा बिनतारी संदेशाने पेटणारा फ्लॅश. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्याच दिशेने प्रकाश फेकतो, त्यामुळे सावल्या विषयाच्या मागे दडतात आणि चेहरा सपाट दिसतो. तोच दिवा बाजूला आणि थोडा उंच नेला की गालांचे, नाकाचे, कापडाच्या पोताचे उठाव दिसू लागतात. स्टुडिओबाहेर भिंतीतल्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून हा फ्लॅश बॅटरीवर चालणारा आणि उचलून नेता येईल असा लागतो.

स्टुडिओत छायाचित्रकार अंधारापासून सुरुवात करतो. बाहेर आधीच उजेड असतो: ऊन, ढगाळ आभाळ, खिडकी, रस्त्यावरचे दिवे. फ्लॅशला त्या उजेडात मिसळायचे असते किंवा त्याच्यावर मात करायची असते. किती ताकदीचा दिवा लागेल हे त्यामुळे जागेचा उजेड ठरवतो. उत्पादकाचे माहितीपत्रक त्यानंतर उघडायचे.

उन्हाचा हिशेब

भर उन्हाचा जुना ठोकताळा असा : ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/१६ ठेवले तर शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका ठेवावा. आयएसओ १०० ला तो सुमारे १/१०० सेकंद होतो. शटर १/२०० वर नेले की ॲपर्चर एफ/११ होते. सूर्याच्या बरोबरीने चेहरा उजळायचा असेल तर फ्लॅशनेही विषयावर एफ/११ इतका प्रकाश पाडला पाहिजे. आभाळ एका स्टॉपने (म्हणजे उजेड निम्मा करून) गडद हवे असेल तर एफ/१६ इतका.

लहान फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. विषयाचे अंतर आणि ॲपर्चरचा आकडा यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. अंतर मीटरमध्ये आणि आयएसओ १०० धरलेला असतो. खोक्यावर ‘६०’ छापलेले असते, पण तो आकडा बहुधा फ्लॅशचे झूम २०० मिमीवर नेऊन, म्हणजे झोत अगदी अरुंद करून काढलेला असतो. काही ठिकाणी तो फुटांतही दिलेला असतो आणि मग उगाचच भव्य दिसतो. झोत ३५ मिमीइतका रुंद केला की तोच फ्लॅश साधारण ३६ वर उतरतो. त्यापुढे सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, पांढऱ्या पडद्यांची कापडी पेटी) लावला तर त्याच्या पडद्यांत दोनेक स्टॉप जातात आणि गाइड नंबर निम्मा, म्हणजे १८ होतो. १८ ला ११ ने भागले की उरतात जेमतेम १.६ मीटर. खांद्यापर्यंतच्या चित्राला हे पुरते. पूर्णाकृती चित्रासाठी दिवा चौकटीबाहेर ठेवायचा म्हणजे ३.२ मीटर मागे न्यावा लागतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, म्हणून चौपट ताकद लागते. आभाळ गडद करायचे असेल तर आठपट.

मोठ्या दिव्यांची ताकद वॅट-सेकंदांत मोजतात. ही कपॅसिटरमध्ये (दिव्यातल्या वीज साठवणाऱ्या भागात) साठलेली ऊर्जा असते, बाहेर पडणारा प्रकाश नव्हे. म्हणून चांगल्या परावर्तकाचा ४०० वॅट-सेकंदांचा दिवा सुमार परावर्तकाच्या ६०० वाल्याला मागे टाकू शकतो. कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा फ्लॅश ७५ वॅट-सेकंदांच्या आसपास असतो. वरच्या हिशेबाप्रमाणे पूर्णाकृतीला ३०० लागतात, गडद आभाळासकट ६००. उन्हात काम करणाऱ्यांची पावले ६०० वॅट-सेकंदांच्या दिव्याकडे वळतात ती याच गणितामुळे. ताकद दुप्पट केल्याने मात्र एकच स्टॉप मिळतो, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. २०० वरून ४०० वर जाण्यापेक्षा दिवा जवळ सरकवणे पुष्कळदा सोपे आणि फुकट असते : अंतर ३ मीटरवरून सुमारे २.१ मीटरवर आणले की तोच एक स्टॉप हाती लागतो.

संध्याकाळी किंवा घराच्या आत हा सगळा हिशेब सैल होतो. आयएसओ ८०० आणि एफ/४ वर लहान फ्लॅश आपल्या ताकदीच्या छोट्याशा अंशावर चालतो, लगेच भरतो आणि बॅटरी दिवसभर टिकते. भर उन्हात काम करायचेच नसेल त्याने मोठा दिवा विकत घेऊन पाठीवर वाहत बसू नये.

शटरची अडचण

बहुतेक कॅमेऱ्यांत फोकल-प्लेन शटर असते. त्यातले दोन पडदे ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण चौकट एकाच वेळी उघडी ठेवतात. ही सिंक-मर्यादा साधारण १/२०० ते १/२५० सेकंद असते. त्यापुढे चौकटीवरून एक फट सरकत जाते आणि एका लखलखाटात तिचा पट्टाच उजळतो. हाय-स्पीड सिंकमध्ये फट सरकत असेपर्यंत फ्लॅश भराभर स्पंद देत राहतो. त्यामुळे उन्हातही एफ/२.८ वर, १/३२०० सेकंदाने चित्र घेता येते आणि पार्श्वभूमी धूसर राहते.

या सोयीविषयी एक गैरसमज चिवट आहे. हाय-स्पीड सिंकने सूर्यावर मात करणे सोपे होते असे मानले जाते. प्रत्यक्षात ते अवघड होते. बंद पडद्यांवर पडलेला प्रकाश वाया जातो आणि सिंक-मर्यादेतल्या फ्लॅशच्या तुलनेत सुमारे दोन स्टॉपचे नुकसान होते. मिळते ती पार्श्वभूमीची धूसरता, ताकद नव्हे. लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड घटवणारी काच) लावून, शटर १/२०० वरच ठेवून तेच एफ/२.८ साधता येते. त्यात फ्लॅश आणि ऊन सारखेच घटतात आणि ते नुकसान टळते. आरशाच्या कॅमेऱ्यात मग व्ह्यूफाइंडर काळवंडतो आणि फोकस चाचपडतो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये हा त्रास कमी असतो.

लेन्समध्येच लीफ शटर असलेले कॅमेरे १/५०० किंवा त्याहून वेगातही पूर्ण सिंक देतात. १/२५० ऐवजी १/१००० वर गेले की ऊन दोन स्टॉपने घटते आणि फ्लॅश चौथाई ताकदीचा चालतो. इथे लखलखाटाचा काळ पाहावा लागतो. माहितीपत्रकात तो बहुधा ‘टी ०.५’ या मापात, म्हणजे तेज निम्म्यावर येईपर्यंतचा दिलेला असतो. तेज दशांशावर येईपर्यंतचा ‘टी ०.१’ त्याच्या सुमारे तिप्पट भरतो. पूर्ण ताकदीवर मोठ्या दिव्याचा लखलखाट इतका रेंगाळतो, की वेगवान शटर त्याची शेपटी कापून टाकते.

दिव्यांचे प्रकार

सुवाह्य फ्लॅशचे तीन गट पडतात. पहिला म्हणजे अर्धा किलोच्या आतबाहेरचा स्पीडलाइट : खिशात मावतो, कॅमेऱ्यावरही बसतो, कुठल्याही फटीत दडवता येतो. त्याचे डोके पुढच्या बाजूला झोत फेकते, त्यामुळे मोठ्या सॉफ्टबॉक्सचा मधला भाग तळपतो आणि कडा विझलेल्या राहतात. चार स्पीडलाइट एका कंसात बसवून ३०० वॅट-सेकंद गाठता येतात, पण सांभाळायला चार बॅटऱ्या आणि चार बटणे येतात.

दुसरा गट २०० ते ३०० वॅट-सेकंदांचा, आकाराने मोठ्या लेन्सएवढा. बहुतेक एकट्या छायाचित्रकारांना हाच सोसतो. उघडी नळी असलेले डोके लावता आले तर सॉफ्टबॉक्स काठापर्यंत भरतो आणि दिवा एका हाताने, काठीवर धरूनही चालता येते. तिसरा गट ४०० ते ६०० वॅट-सेकंदांचा. दिवा, बॅटरी, भक्कम स्टँड आणि सॉफ्टबॉक्स मिळून ओझे इतके होते, की गाडीपासून जागा किती दूर आहे हा प्रश्न छायाचित्रणाचाच होऊन बसतो. काही संचांत जनित्र (बॅटरी आणि कपॅसिटरची पेटी) आणि डोके वेगळे असते : वजन जमिनीवर राहते, वर फक्त हलके डोके. मदतनीस काठीवर दिवा धरणार असेल तर ही रचना फार सुखाची.

कपॅसिटर पुन्हा भरायला लागणारा वेळ निवडीत निर्णायक ठरतो, विशेषतः माणसांची चित्रे घेताना. चार पेन्सिल सेलवरचा स्पीडलाइट पूर्ण ताकदीनंतर तीन-चार सेकंद, सेल दमल्यावर त्याहून अधिक घेतो; तेवढ्यात हसू मावळते. लिथियम-आयन बॅटरीचे फ्लॅश दीड-दोन सेकंदांत तयार होतात. सलग पूर्ण ताकदीने, त्यातही हाय-स्पीड सिंकमध्ये चालवले तर दिवा तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो किंवा थांबतो. रोज पूर्ण ताकदीवर चालवावा लागणारा दिवा लहान निवडला गेला आहे, असे खुशाल समजावे.

कसा घडला हा दिवा

आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश-पूड बनवली. ती लगेच न्यूयॉर्कला पोचली आणि पत्रकार जेकब रीस यांनी तिच्या उजेडात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्या टिपल्या. पूड धूर करी आणि आगीही लावी. १९२९ च्या सुमारास बंद काचेतला फ्लॅश-बल्ब आला. तो सुरक्षित होता, पण एकदाच पेटे. अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वायूच्या नळीतून पुन्हा पुन्हा लखलखाट काढण्याचे तंत्र विकसित केले. आजचा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच वंशातला. ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने १९७५ मध्ये लेन्समधून आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजून तो आपोआप थांबवण्याची सोय आणली. स्टुडिओच्या दर्जाचा दिवा, आतच बॅटरी आणि आपोआप मापन हे तिन्ही एकत्र आले ते २०१३ च्या प्रोफोटो बी१ या दिव्यामध्ये. त्यानंतर अशा दिव्यांची रीघ लागली.

ट्रिगर

नवा छायाचित्रकार दिव्यावर पैसे खर्च करतो आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दिव्याला पेटण्याचा संदेश देणारे साधन) मिळेल तो घेतो. क्रम उलटा असायला हवा, कारण दिवा बदलता येतो, पण ट्रिगर एका कुटुंबाशी बांधून टाकतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे निरनिराळ्या कंपन्यांचे ट्रिगर एकमेकांची भाषा समजत नाहीत. पहिला दिवा ज्या कुळातला, दुसरा आणि तिसराही सहसा त्याच कुळातला घ्यावा लागतो. दिव्यात रिसीव्हर अंगभूत असेल तर एक कमकुवत जोड कमी होतो. स्वतंत्र कंपन्यांच्या मोठ्या दिव्यांबाबत कॅमेरा बदलल्यास बहुधा फक्त कॅमेऱ्यावरचा ट्रान्समीटर बदलावा लागतो.

तार अजूनही भरवशाची आहे, पण ती पायात येते. इन्फ्रारेड ट्रिगर आणि दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश पाहून दिवा पेटवणारे स्लेव्ह घरात चालतात. उन्हात आणि आडोशामागे दगा देतात. आपोआप मापनासाठी फ्लॅश आधी जो छोटा लखलखाट देतो, त्याने साधा स्लेव्ह वेळेआधीच पेटतो, म्हणून काही दिव्यांत पहिला लखलखाट सोडून देण्याची वेगळी सोय असते. विषय आणि दिवा यांतले अंतर सतत बदलत असेल तर आपोआप मापन उपयोगी पडते. दिवा एकदा जागेवर उभा राहिला की हाताने लावलेली ताकदच चित्रामागून चित्र एकसारखे देते. ती कॅमेऱ्याजवळून, दिव्यापाशी न जाता, दिव्यांच्या प्रत्येक गटासाठी वेगळी बदलता येते की नाही हे पाहणे महत्त्वाचे.

जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) थेट लावू नये. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि आधुनिक कॅमेऱ्याचे मंडल त्याने जळू शकते. रेडिओ रिसीव्हरवर लावला तर धोका फार तर रिसीव्हरला.

छत्री, स्टँड आणि वारा

प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या ताकदीवर नव्हे, विषयाच्या तुलनेत प्रकाशस्रोत किती मोठा दिसतो यावर ठरतो. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एका मीटरवर मऊ, पाच मीटरवर कडक. दिव्याला लावायची छत्री सर्वांत हलकी आणि झटपट उघडणारी, पण प्रकाश चहूकडे सांडते आणि वाऱ्यात शिडासारखी फुगते. हलक्या स्टँडवरची छत्री मंद झुळुकीलाही पडते, आणि पडताना दिव्याची नळी सोबत घेऊन जाते. वाळूची पिशवी हा संचातला सर्वांत स्वस्त नग, आणि नेमका तोच घरी राहतो. जागेवर पाणी भरता येणारी पिशवी प्रवासात बरी. वारा जोराचा असेल तर सॉफ्टबॉक्स मिटून ठेवावा आणि लहान परावर्तकाने किंवा मदतनिसाच्या हातातल्या दिव्याने काम भागवावे.

सॉफ्टबॉक्स कुठल्या जोडणीचा आहे हेही पाहावे. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिची एस जोडणी जगभर इतकी पसरली होती, की आजही असंख्य कंपन्यांचे सॉफ्टबॉक्स तीच वापरतात. ती असलेला दिवा घेतला तर पुढची खरेदी सोपी जाते.

रंगाच्या बाबतीत फ्लॅश दुपारच्या उन्हाशी जुळतो, सुमारे ५,५०० केल्विन. पिवळट बल्बांच्या खोलीत तो निळा भासतो, म्हणून दिव्यावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून त्याला खोलीच्या रंगात आणतात. स्वस्त दिव्यांत ताकद बदलली की रंगही किंचित सरकतो. एका चित्रापुरते ते खपते, मालिकेत खुपते.

विमानप्रवासात बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १०० वॅट-तासांपर्यंतच्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवाशासोबत नेता येतात. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, खाली जाणाऱ्या सामानात नाही, आणि त्यांची टोके झाकलेली असावी लागतात.