तांदळाच्या दाण्यातली सूक्ष्म मूलद्रव्यं: नको असलेली आणि हवी असलेली

तांदळाच्या दाण्यात स्टार्च आणि प्रथिनं सोडली तर अगदी चिमूटभर, म्हणजे किलोमागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, असे काही धातू आणि धातूसारखे पदार्थ असतात, त्यांना सूक्ष्म मूलद्रव्यं म्हणतात. जस्त, लोह, सेलेनियम, मँगनीज, तांबं ही आपल्याला लागतात. आर्सेनिक (आपल्याकडचा जुना सोमल म्हणजे याचंच संयुग), कॅडमियम आणि शिसं मात्र कुठल्याच मात्रेत कामाची नाहीत. माणसाच्या दृष्टीने हे दोन वेगळे गट झाले, पण भाताच्या मुळांना ही वाटणी कळत नाही, ती ज्या वाटेने चांगलं आत घेतात त्याच वाटेने वाईटही घेतात, आणि या विषयातली जवळजवळ सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

आर्सेनिकचंच बघा. भाताच्या रोपाला सिलिका खूप लागते. भात कापताना पान हातावर घासलं की चरचरतं आणि तूस बोटांना खरखरीत लागतं ते या सिलिकामुळेच. ती ओढून घ्यायला मुळांच्या पेशींमध्ये खास प्रथिनांचे दरवाजे असतात, त्यातल्या दोघांची नावं एलएसआय-१ आणि एलएसआय-२. पाणी साचलेल्या चिखलात आर्सेनिक ज्या रूपात असतं (आर्सेनाइट) ते सिलिकाच्या विरघळलेल्या रूपासारखंच दिसतं, त्यामुळे ते याच दरवाजांतून आत शिरतं. जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2008 मध्ये दाखवून दिलं. आता कोरड्या जमिनीत आर्सेनिक लोखंडाच्या गंजासारख्या कणांना चिकटून बसलेलं असतं आणि सहसा सुटत नाही, पण खाचरात पाणी भरलं की मातीतली हवा संपते, जिवाणू त्या लोखंडावर जगायला लागतात, ते विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. म्हणून गहू किंवा बार्लीच्या मानाने तांदळात आर्सेनिक साधारण दहापट जास्त उतरतं असं सांगितलं जातं. यात तांदळाच्या जातीपेक्षा पाण्यात उभं राहून वाढण्याच्या पद्धतीचा हात मोठा आहे.

याचा सगळ्यात मोठा फटका बसलाय तो पश्चिम बंगाल आणि बांगलादेशला. नदीतळ्यांच्या पाण्याने हगवण-पटकी व्हायची म्हणून तिथे लाखो ट्यूबवेल खोदल्या गेल्या, हेतू चांगलाच होता, पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळात मुळातच आर्सेनिक आहे आणि ते त्या भूजलात उतरलेलं होतं. 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्या लक्षात आलं की खेड्यांतून येणाऱ्या पेशंटच्या अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके आहेत, तळहात-तळपाय जाड खडबडीत झालेत, आणि याचं मूळ विहिरीच्या पाण्यात आहे. नंतर जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षं गावोगाव पाणी तपासलं. पण लोकांचं लक्ष बराच काळ पिण्याच्या पाण्यावरच राहिलं आणि भाताकडे उशिरा गेलं. तिथला बोरो भात, म्हणजे कोरड्या दिवसांत घेतलेला, उथळ ट्यूबवेलच्या पाण्यावर पिकतो, त्यामुळे दर हंगामाला थोडं थोडं आर्सेनिक शेतात येत राहतं. पावसावरच्या अमन भातात ते सहसा कमी सापडतं. पेंढ्यात तर दाण्यापेक्षा जास्त असतं आणि तो गुरं खातात.

प्रमाण किती धोक्याचं हे समजायला एक साधा हिशोब करून बघा. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2014 मध्ये असेंद्रिय (म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या) आर्सेनिकची मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम ठरवली. या मर्यादेवरचा तांदूळ कुणी रोज 400 ग्रॅम खाल्ला (बंगालमध्ये शेतात राबणाऱ्या माणसाला हे काही जास्त नाही) तर 80 मायक्रोग्रॅम आर्सेनिक पोटात गेलं, आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम धरली तर 3 लिटर पाण्यातून गेलं फक्त 30. म्हणजे पाणी फिल्टर करून प्यायलं तरी ताटातून येणारा वाटा उरतोच. भातखाऊ माणसासाठी ही मर्यादा सैलच आहे असं मला तरी वाटतं. युरोपियन युनियनने 2023 मध्ये पांढऱ्या तांदळाची मर्यादा 0.15 वर आणली. आर्सेनिकची सेंद्रिय रूपंही तांदळात असतात, ती माणसाला कमी घातक मानली जातात, मर्यादा असतात त्या असेंद्रियसाठी.

कॅडमियमची गोष्ट जपानची. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीवर वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती, तिथे जस्त काढायचे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबतच असतं, ते सांडपाण्यातून नदीत आणि नदीतून भातखाचरात गेलं. खालच्या गावांतल्या बायकांची, त्यातही वय झालेल्या, मुलंबाळं झालेल्या बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसतं खोकताना मोडायची, त्या वेदनेने ज्या ओरडायच्या तेच रोगाचं नाव पडलं, इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवलं, बरीच वर्षं त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही, शेवटी 1968 मध्ये जपान सरकारने हा कॅडमियमच्या प्रदूषणाने झालेला रोग असल्याचं मान्य केलं. लोक कोर्टात गेले आणि जिंकले. तिथल्या शेतांची माती बदलायचं काम 2012 पर्यंत चाललं होतं, यावरून लक्षात यावं की एकदा जमिनीत गेलेला धातू काढणं काय असतं. ज्याच्या अंगात लोह कमी त्याचं आतडं कॅडमियम जास्त शोषतं, आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे ते बघता ही गोष्ट डॉक्टरांनी आणि शेतीवाल्यांनी दोघांनी ध्यानात ठेवायला हवी.

आता पेच असा आहे की खाचरात पाणी उभं ठेवलं तर आर्सेनिक सुटतं, आणि पाणी काढून जमीन सुकवली तर चिखलात गंधकाशी बांधलेलं कॅडमियम सुटतं. पाणी वाचवायला फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून पालटून ओलं-सुकं ठेवायची पद्धत पसरवली, भोकं पाडलेला पाइप शेतात पुरायचा, त्यात डोकावून बघायचं, पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेलं की पुन्हा भरायचं. यात पाणी वाचतं, मिथेन कमी होतो, दाण्यातलं आर्सेनिकही कमी होतं, पण ज्या जमिनीत कॅडमियम आहे तिथे, विशेषतः दाणा भरताना शेत सुकवलं तर, ते दाण्यात वाढतं. म्हणून एकच सल्ला सगळीकडे देता येत नाही, आधी मातीत काय आहे ते बघावं लागतं. जातींवरही काम झालंय. कॅडमियम मँगनीजच्या दरवाजातून आत येतं हे कळल्यावर जपानमध्ये कोशिहिकारी या आवडत्या जातीवर कार्बन आयनांचा मारा करून तो दरवाजा बिघडलेलं वाण निवडलं गेलं, त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळपास नसतंच. मँगनीजही कमी जातं, पण पिकाचं फारसं बिघडत नाही असं दिसलं.

हव्या असलेल्या मूलद्रव्यांत जस्त महत्त्वाचं. जमिनीत ते कमी पडलं की भाताची पानं तांबूस होतात, गंजाचे ठिपके पडल्यासारखं रोप दिसतं आणि वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत याला खैरा म्हणतात, काताच्या रंगावरून. हा कुठला बुरशीबिरशीचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे हे तिथल्याच पंतनगरच्या कृषी विद्यापीठातल्या वाय. एल. नेने यांनी 1966 मध्ये सांगितलं, आणि झिंक सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीने शेतं पुन्हा हिरवी झाली. रोप बरं झालं म्हणजे दाण्यात जस्त भरलं असं मात्र नाही. पॉलिश तांदळात ते किलोला साधारण 12 ते 16 मिलिग्रॅम असतं. बांगलादेशने 2013 मध्ये ब्री धान 62 हे जास्त जस्ताचं वाण आणलं. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचं डीआरआर धान 45 हे आपल्याकडचं, त्यात 22.6 मिलिग्रॅम.

लोहाचं बरंचसं कोंड्यात असतं आणि गिरणीत कोंड्याबरोबर जातं. मग हातसडीचा खावा का? खावा, पण कोंड्यात आर्सेनिकही जास्त असतं आणि फायटेटही, जे जस्त-लोहाला धरून ठेवतं. चांगल्या जमिनीतला असेल तर हातसडीचा उत्तमच. रेशनवरचा फोर्टिफाइड तांदूळ ही वेगळी वाट आहे, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून मशीनमधून दाण्याच्या आकारात काढतात आणि 100 दाण्यांमागे साधारण 1 असा मिसळतात. 15 ऑगस्ट 2021 ला सरकारी योजनांमधून तो देण्याची घोषणा झाली. हे दाणे रंगाने जरा वेगळे दिसतात म्हणून बायका "प्लास्टिकचा तांदूळ" समजून निवडून टाकतात, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच कचऱ्यात जातं, हे रेशन दुकानदाराने तांदूळ देतानाच सांगायला पाहिजे.

स्वयंपाकघरात काय करता येतं तर भात वेळणे. कोकणात भरपूर पाण्यात तांदूळ शिजवून, झाकण तिरकं धरून, वरचं पाणी काढून टाकायची पद्धत आहेच, आणि आर्सेनिक असलेल्या तांदळाला हीच पद्धत लागू पडते कारण ते पाण्यात उतरतं. इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठात 2020 मध्ये तांदूळ 5 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून ते पाणी फेकून मग नव्या पाण्यात मंद आचेवर शिजवून बघितला, तर पांढऱ्यातलं 73 टक्के आणि ब्राउनमधलं 54 टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेलं. ब जीवनसत्त्वं थोडी जातात. आणि पाणीच आर्सेनिकचं असेल तर उपयोग नाही, उलट ते भातात मुरतं. कोकणातली भातशेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर असल्याने बंगालची गोष्ट इथे जशीच्या तशी लावून घाबरायचं कारण नाही.

बाळांचं मात्र वेगळं आहे. वजनाच्या मानाने ती जास्त खातात, म्हणून बाळांच्या तांदळाच्या खाण्यासाठी युरोपात आणि अमेरिकेत किलोमागे 0.1 मिलिग्रॅम अशी कडक मर्यादा आहे. आपल्याकडे बाळाला मऊ भात आणि पेजेबरोबर नाचणीचं सत्त्व देतात. नाचणी वरकस जमिनीवर, पाणी न साचवता होते, त्यामुळे खाचरात आर्सेनिक सुटतं तसा प्रकार तिच्या मुळाशी होत नाही.