टेट्रिसचं नाव उलटं का लिहिलं?

केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या जुन्या गेम्समधे केसिर्टेट नावाचा एक गेम होता. नावावरून काही म्हणजे काही कळायचं नाही, पण सुरुवातीचा के सोडून बाकीची इंग्रजी अक्षरं मागून वाचली की टेट्रिस. तसाच केसिर्क, त्यात रिस्क हा बोर्ड गेम उलटा घातलाय. प्रोग्रामर लोकांचा चावटपणा आहेच हा, पण मागे ट्रेडमार्कची धास्ती पण होती.

मूळ टेट्रिस अलेक्सेई पाजितनोवने १९८४ मधे मॉस्कोत एलेक्ट्रोनिका ६० या कॉम्प्युटरवर लिहिला, त्या मशीनवर ग्राफिक्सच नव्हते म्हणून ठोकळे चक्क कंसाच्या चिन्हांनी काढलेले. पुढे १९९६ मधे त्याने आणि गेम्सच्या धंद्यातल्या हेंक रॉजर्सने द टेट्रिस कंपनी काढली आणि नावावर कडक पहारा बसला. पहारा ठेवावाच लागतो म्हणा, कारण नाव कुणीही कशालाही वापरायला लागलं तर ट्रेडमार्कच पातळ होतो.

गोची अशी की जीपीएल वगैरे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स कोडच्या कॉपीराइटबद्दल बोलतं, दुसऱ्याचं नाव वापरायची परवानगी ते कुठून देणार? खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे तसाच गेम स्वतः लिहायला हरकत नाही, पण नाव तेच ठेवलं की अडकलात. २००८ मधे स्क्रॅब्युलस या स्क्रॅबलसारख्या ऑनलाइन शब्दखेळाच्या केसमधे दिल्ली हायकोर्टाने साधारण हेच धरलं, कॉपीराइटचा दावा चालला नाही पण नाव मात्र सोडावं लागलं आणि तो गेम लेक्झुलस झाला. अर्थात नाव बदललं की सुटलो असंही नाही, २०१२ मधे अमेरिकेत मिनो नावाच्या आयफोन गेमवर टेट्रिसवाले जिंकले, कारण ठोकळ्यांची स्टाइल आणि १० बाय २० चं बोर्ड सुद्धा उचललं होतं.

हौशी माणसाने आपल्या साइटवर क्लोन ठेवला तर नोटीस आल्यावर काढून टाकतो, विषय संपला. पण तोच गेम डेस्कटॉपसोबत आला की प्रत्येक डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती), त्याच्या सीडी विकणारे, मशीनवर टाकून देणारे सगळेच ते नाव वाटत सुटतात, आणि त्यातल्या ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या वकिलाला झोप येत नाही. म्हणून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांचा जीयाट्झी (याट्झी हा फाशांचा खेळ) झाला जीटाली, त्यांच्या टेट्रिसचा म्हणजे ग्नोमट्रिसचा क्वाड्रापॅसेल (हे नाव एका दमात बरोबर म्हणून दाखवा), आणि केडीईचा केबॅटलशिप मेनूत नेव्हल बॅटल म्हणून दिसायला लागला.

सगळीकडे असं झालं नाही बरं का. डेबियन या डिस्ट्रोच्या बीएसडीगेम्स नावाच्या गेम्सच्या गठ्ठ्यात टेट्रिस-बीएसडी आणि मोनॉप (म्हणजे मोनॉपोली) ही नावं तशीच राहिली, आणि ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधे ऑल्ट-एक्स दाबून टेट्रिस टाइप करून एंटर मारा, एडिटरच्याच खिडकीत ठोकळे पडायला लागतात, नाव सरळच्या सरळ.