विद्युत-रासायनिक इम्पिडन्स वर्णपटमिती : शिथिलनाची गणिती प्रारूपे

विद्युत-रासायनिक घटाला अगदी लहान प्रत्यावर्ती व्होल्टता देऊन प्रवाह किती येतो आणि किती कलांतराने येतो, हे निरनिराळ्या वारंवारतांना मोजण्याची पद्धत म्हणजे इम्पिडन्स वर्णपटमिती; प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा म्हणजे इम्पिडन्स. धक्का बसलेली प्रणाली पुन्हा समतोलाकडे येते त्याला शिथिलन म्हणतात, आणि त्याला लागणाऱ्या वेळाच्या मापाला शिथिलन काल. इलेक्ट्रोडलगतचा दुहेरी थर (पृष्ठावरचा विद्युतभार आणि त्यासमोर द्रावणात जमलेले विरुद्ध भाराचे आयन) मिलिसेकंदांत भरतो, तर आयनांच्या विसरणाला सेकंद किंवा मिनिटेही लागतात. म्हणून एकाच मापनात साधारण १०० किलोहर्ट्झ ते १० मिलिहर्ट्झ एवढा पल्ला घेतात. व्होल्टता ५ ते १० मिलिव्होल्टच ठेवतात. २५° से. ला औष्णिक व्होल्टता (कणांच्या उष्णताजन्य ऊर्जेचे व्होल्टतेतले माप) सु. २५.७ मिलिव्होल्ट असते; तिच्या आसपास गेले की प्रतिसाद रेषीय राहत नाही आणि पुढचे सारे गणित लटके पडते.

सर्वांत साधे प्रारूप म्हणजे समांतर जोडलेला रोध आणि धारकता. त्यांचा गुणाकार हाच शिथिलन काल. १०० ओहम आणि २० मायक्रोफॅरड घेतले तर तो २ मिलिसेकंद येतो आणि नायक्विस्ट आलेखावरील (इम्पिडन्सचा सत् म्हणजे वास्तव भाग आडव्या आणि असत् म्हणजे काल्पनिक भाग उभ्या अक्षावर) अर्धवर्तुळाचा माथा ८० हर्ट्झच्या जवळ पडतो. वारबुर्ग यांनी १८९९ मध्ये विसरणाचा इम्पिडन्स मांडला. तो आलेखात ४५ अंशांच्या रेषेने ओळखू येतो. रँडल्स यांच्या १९४७ च्या परिपथात द्रावणाचा रोध, दुहेरी थर, विद्युतभार-संक्रमण (इलेक्ट्रोड व द्रावण यांच्यातली इलेक्ट्रॉनांची देवघेव) आणि विसरण एकत्र आले. आजही बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

प्रत्यक्षात अर्धवर्तुळ क्वचितच पूर्ण गोल मिळते. ते दबलेले असते. परावैद्युत (वीज न वाहणाऱ्या, पण विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देणाऱ्या) पदार्थांमधला असाच दबलेपणा केनेथ आणि रॉबर्ट कोल या बंधूंनी १९४१ मध्ये एका घातांकाने बांधला. डेव्हिडसन व कोल (१९५१) आणि हाव्हरिल्याक व नेगामी (१९६७) यांची सूत्रे विषम आकारांसाठी आहेत. इलेक्ट्रोडच्या अभ्यासात हेच काम स्थिर-कला घटक करतो : त्याचे कलांतर वारंवारतेनुसार बदलत नाही, घातांक अल्फा असेल तर ते उणे ९० गुणिले अल्फा अंश राहते. कालाच्या भाषेत याचा अर्थ साधा घातांकी ऱ्हास सुटून त्याचे व्यापक रूप असलेले मिताग-लेफ्लर फलन येणे. अवकलनाची कोटीही अपूर्णांकी होते. पृष्ठाचा खडबडीतपणा, प्रवाहाचे असमान वाटप अशी अल्फाची कारणे सांगतात, पण केवळ अल्फाच्या आकड्यावरून त्यांतले नेमके कोणते हे कळत नाही. फिटिंग सुंदर बसले म्हणजे कारण सापडले असे नव्हे : दोन शिथिलन काल असलेले वेगवेगळ्या रचनेचे परिपथ सर्व वारंवारतांना तंतोतंत सारखा इम्पिडन्स देऊ शकतात.

परिपथ आधीच गृहीत धरायचा नसेल तर शिथिलन कालांचे वितरण काढतात. इथे इम्पिडन्स हा असंख्य रोध-धारकता जोड्यांची बेरीज मानून प्रत्येक कालाचा वाटा शोधायचा असतो. अडचण अशी की हे पहिल्या प्रकारचे फ्रेडहोम समाकल समीकरण आहे, म्हणजे अज्ञात फलन समाकलाच्या आतच दडलेले असते. मापनातल्या किंचित गोंगाटानेही उत्तर भलतीकडे जाते. त्यावर तिखोनोव्ह नियमितीकरणाचा, म्हणजे फार खडबडीत उत्तरांना दंड लावण्याच्या रीतीचा, लगाम घालतात. लगाम ढिला ठेवला तर गोंगाटाचीही शिखरे उगवतात. फार आवळला तर दोन खऱ्या प्रक्रिया मिळून एक रुंद टेकडी होते. लगामाचे मूल्य न सांगता छापलेल्या वितरणातली शिखरे मोजण्यात अर्थ नाही.

सोलापुरात हा विषय मुख्यतः पातळ थरांच्या संशोधनातून येतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ (स्थापना २००४) येथे पातळ थरांच्या पदार्थांवर काम चालते, आणि अशा थरांचा एक उपयोग म्हणजे सुपरकॅपॅसिटरचे (झटपट भरणाऱ्या, मोठ्या धारकतेच्या ऊर्जासाठ्याचे) इलेक्ट्रोड. त्यांचा आलेख कमी वारंवारतेला जवळजवळ सरळ वर जातो, इम्पिडन्सला मर्यादा उरत नाही, आणि वरचे वितरण थेट लावता येत नाही. मग तबेर्ना, सिमाँ व फोवार्क यांच्या २००३ च्या रीतीने सदसत् (सत् व असत् असे दोन्ही भाग असलेली) धारकता काढून तिच्या असत् भागाचे शिखर पाहतात. शिखराच्या वारंवारतेचा व्यस्त हाच शिथिलन काल असे तिथे धरले आहे. काही जण मात्र २ पायने भागतात, त्यामुळे दोन निबंधांतल्या आकड्यांत सहापटीहून जास्त फरक दिसला तर आधी व्याख्या तपासावी.

मापन मुळात सुरू असेपर्यंत घट बदलता कामा नये. दर दशकाला (वारंवारतेच्या दर दसपट टप्प्याला) १० बिंदू घेतले तर १०० ते १० मिलिहर्ट्झच्या टप्प्यातले बिंदू प्रत्येकी एकाच आवर्तनाने मोजायलाही सात मिनिटांहून अधिक वेळ जातो. तीन आवर्तने घेतली तर वीस मिनिटांवर. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असतो. वीज गेली, वातानुकूलन बंद पडले, की तेवढ्यात द्रावण तापते, भार-संक्रमणाचा रोध घटतो आणि आलेखाची शेपटी वाकते. त्या वाकड्या शेपटीला नवी प्रक्रिया समजून परिपथात आणखी एक घटक जोडण्याचा मोह होतो. त्याआधी क्रेमर्स-क्रोनिग संबंधांनी सत् व असत् भाग एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. वीजपुरवठ्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झपाशी भरकटलेले ठिपके वेगळे ओळखू येतात; घट फॅराडे पिंजऱ्यात (बाहेरचे विद्युतक्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या पेटीत) ठेवूनही ते राहिले तर जुळवणीतून वगळतात.